ज्वलन अभिक्रिया ओळखणे आणि तिचे समीकरण संतुलित करणे

रासायनिक समीकरणे नुकतीच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला मिथेनच्या ज्वलनाचे समीकरण बहुधा तोंडपाठ असते, पण त्याच्यासमोर ब्युटेन किंवा इथेनॉल ठेवले की वहीत खाडाखोड सुरू होते. एक आकडा बसवला की दुसरा बिघडतो, दुसरा बसवला की पहिला, आणि शेवटी हा विषय आपल्याला जमत नाही असा समज पक्का होतो. वास्तविक संतुलन करायच्या समीकरणांमध्ये ज्वलनाची समीकरणे सर्वांत शिस्तीची आहेत. त्यांना एक ठरलेला क्रम आहे: आधी कार्बन, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सर्वांत शेवटी. हा क्रम का, हे एकदा नीट समजले तर पाठांतराची गरज राहत नाही. तो का, कुठे अडतो आणि अडल्यावर काय करायचे, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

एक सूचना आधीच करून ठेवतो. येथे मूलद्रव्यांच्या संज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे कार्बनसाठी सी, हायड्रोजनसाठी एच, ऑक्सिजनसाठी ओ, नायट्रोजनसाठी एन आणि गंधकासाठी एस. वहीत आणि उत्तरपत्रिकेत मात्र त्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमन संज्ञांनीच लिहाव्यात.

ज्वलन ओळखावे कसे

ज्वलन म्हणजे एखाद्या पदार्थाची ऑक्सिजनशी वेगाने होणारी अशी अभिक्रिया, जिच्यात उष्णता आणि बहुतेक वेळा प्रकाशही बाहेर पडतो. प्रयोगशाळेत ज्योत दिसते, म्हणून ओळखणे सोपे असते. कागदावर ज्योत नसते, तेथे समीकरणाच्या दोन्ही बाजू वाचूनच निर्णय करावा लागतो. डावीकडे ऑक्सिजन हा मूलद्रव्याच्या रूपात, म्हणजे ओ₂ असा, स्वतंत्रपणे लिहिलेला असला पाहिजे आणि त्याच्यासोबत जळणारा पदार्थ असला पाहिजे. उजवीकडे त्या पदार्थातील मूलद्रव्यांची ऑक्साइडे असली पाहिजेत: कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनपासून पाणी, गंधकापासून सल्फर डायऑक्साइड, मॅग्नेशिअमपासून मॅग्नेशिअम ऑक्साइड. इंधनात फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतील, किंवा त्यांच्या जोडीला ऑक्सिजन असेल, तर पूर्ण ज्वलनानंतर उत्पादिते दोनच मिळतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. प्रश्नात उजवी बाजू कोरी ठेवून "पूर्ण ज्वलन होते" एवढेच सांगितले असेल, तरी ती बाजू भरता येते, हा या अभिक्रियांचा मोठा फायदा आहे.

या उत्पादितांची खातरजमा शाळेतही करता येते. थंड, कोरडी स्टीलची वाटी जळत्या मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर काही क्षण उपडी धरली, तर तिच्या आतल्या बाजूवर धूसर दमटपणा येतो; मेणातील हायड्रोजनचे हे पाणी आहे. ज्योतीवर धरलेल्या उपड्या बरणीत जमलेली हवा चुन्याच्या निवळीबरोबर हलवली, तर निवळी दुधाळ होते. हा मेणातील कार्बनपासून झालेला कार्बन डायऑक्साइड. समीकरणाच्या उजव्या बाजूची दोन्ही सूत्रे अशी डोळ्यांना दिसतात आणि ती एकदा पाहिली की सहसा विसरली जात नाहीत.

खरी कसोटी लागते ती ज्वलनासारख्या दिसणाऱ्या अभिक्रियांमध्ये. भट्टीत चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण डावीकडे ऑक्सिजन नसतो. एकाच संयुगाचे तुकडे होतात, म्हणून ती अपघटन अभिक्रिया आहे. उसाच्या मळीतील साखरेपासून यीस्टच्या साहाय्याने इथेनॉल तयार होते तेव्हाही कार्बन डायऑक्साइड निघतो, परंतु येथेही ऑक्सिजन खर्च होत नाही, म्हणून ते किण्वन आहे. तेच इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून गाडीच्या इंजिनात गेले आणि पेटले, की त्या अभिक्रियेला ज्वलन म्हणायचे. लोखंड गंजताना ऑक्सिजन लागतो, ऑक्साइड तयार होते आणि थोडी उष्णताही बाहेर पडते, परंतु सारे इतके सावकाश घडते की त्याची गणना क्षरणात करतात. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दोन्ही दिसतात, पण डाव्या बाजूला. घाईने वाचणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो, म्हणून बाणाची दिशा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

सर्वांत फसवे उदाहरण नायट्रोजनचे आहे. एन₂ + ओ₂ → २एनओ या समीकरणात डावीकडे मूलद्रव्यरूपातील ऑक्सिजन आहे आणि उजवीकडे ऑक्साइड आहे, तरीही ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकत नाही, शोषून घेते. ती इंजिनातील किंवा विजेच्या कडकडाटातील अतिशय जास्त तापमानालाच घडते. तसे नसते तर हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन एका ठिणगीने पेटले असते. म्हणून ज्वलन ठरवताना ऑक्सिजन, ऑक्साइड आणि बाहेर पडणारी उष्णता या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. मिथेनच्या बाबतीत ही उष्णता दर मोलला (मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली मोठी संख्या) सुमारे ८९० किलोज्यूल असते.

एकच अभिक्रिया दोन प्रकारांत बसू शकते, याचाही गोंधळ होतो. कोळसा जळतो तेव्हा सी + ओ₂ → सीओ₂ या अभिक्रियेत दोन पदार्थांपासून एकच पदार्थ होतो, म्हणून ती संयोग अभिक्रिया आहे आणि ज्वलनही आहे. हायड्रोजन जळून पाणी होणे किंवा मॅग्नेशिअमची फीत जळणे ही उदाहरणे याच जातीची. मिथेनचे ज्वलन मात्र संयोग अभिक्रिया नाही, कारण उत्पादिते दोन आहेत. परीक्षेत "प्रकार ओळखा" असे विचारले असेल तर दोन्ही नावे लिहिणे सुरक्षित असते आणि शास्त्रीयदृष्ट्या अचूकही.

जाता जाता एवढे नोंदवतो की ऑक्सिजनशिवायही जळणे शक्य असते. जळती मॅग्नेशिअमची फीत कार्बन डायऑक्साइडच्या बरणीत सोडली तर ती विझत नाही. पांढरे मॅग्नेशिअम ऑक्साइड आणि त्यावर काळे कार्बनचे कण मागे राहतात. मॅग्नेशिअमच्या आगीवर कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरत नाहीत, ते यामुळेच. प्राथमिक अभ्यासक्रमात मात्र ज्वलन म्हटले की ऑक्सिजन गृहीत धरलेला असतो.

संतुलन कशासाठी

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्त्वान लाव्हाझिए यांनी १७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले, तेव्हा जळल्यावर त्यांचे वजन कमी न होता वाढलेले आढळले. जळताना पदार्थातून काहीतरी निघून जाते, या त्या काळच्या समजुतीला हा धक्का होता. वाढलेले वजन हवेतून आले, हे त्यांनी बंद पात्रांतील प्रयोगांनी दाखवले आणि अभिक्रियेच्या आधी व नंतर एकूण वस्तुमान सारखेच राहते, हा नियम १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. आज आपण समीकरण संतुलित करतो ते या वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमामुळे. डावीकडे जितके कार्बनचे अणू आहेत तितकेच उजवीकडे असले पाहिजेत. अणू कुठे नाहीसा होत नाही आणि नव्याने निर्माण होत नाही, फक्त त्याचे जोडीदार बदलतात.

येथून एक कडक नियम निघतो. संतुलन करताना सूत्राच्या आतील खालचे आकडे बदलायचे नाहीत, फक्त सूत्राच्या आधी लिहायचा सहगुणक बदलायचा. एच₂ओ मध्ये ऑक्सिजन कमी पडतो म्हणून एच₂ओ₂ लिहिले तर आकडे जुळतात, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आलेले असते. सीओ₂ ऐवजी सीओ लिहिले तर श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूच्या जागी जीवघेणा वायू येतो. सूत्र हे पदार्थाचे नाव आहे आणि हिशेब जुळवण्यासाठी नाव बदलता येत नाही.

म्हणून पहिले काम संतुलनाचे नसून सूत्रे बरोबर लिहिण्याचे आहे. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन या संपृक्त हायड्रोकार्बनांमध्ये (म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या, कार्बन एकेरी बंधांनी जोडलेल्या संयुगांमध्ये) अनुक्रमे १, २, ३ आणि ४ कार्बन असतात, आणि हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने जास्त असते: सीएच₄, सी₂एच₆, सी₃एच₈, सी₄एच₁₀. ऑक्सिजन नेहमी ओ₂ असाच लिहावा, एकटा ओ नव्हे. सूत्रे लिहून झाली की ती पुन्हा एकदा तपासावीत, कारण चुकीच्या सूत्राचे समीकरण कितीही वेळ खर्च केला तरी बरोबर येत नाही.

क्रम आणि त्यामागचे कारण

प्रोपेन घेऊ. सूत्रे लिहिल्यावर चित्र असे दिसते:

सी₃एच₈ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

डावीकडे ३ कार्बन आहेत, म्हणून कार्बन डायऑक्साइडला ३ हा सहगुणक द्यावा. डावीकडे ८ हायड्रोजन आहेत आणि पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याला ४ द्यावा. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजावा: ३ कार्बन डायऑक्साइडमध्ये ६ आणि ४ पाण्यात ४, एकूण १०. डावीकडे ऑक्सिजनच्या एका रेणूत २ अणू असल्यामुळे ५ रेणू लागतील.

सी₃एच₈ + ५ओ₂ → ३सीओ₂ + ४एच₂ओ

ऑक्सिजन शेवटी ठेवण्याचे कारण या उदाहरणात स्पष्ट दिसते. उजवीकडे ऑक्सिजन दोन वेगवेगळ्या पदार्थांत वाटला गेला आहे, म्हणून त्या दोघांचे सहगुणक ठरेपर्यंत त्याची बेरीजच करता येत नाही. डावीकडे मात्र तो ओ₂ या रूपात एकटा आहे. त्याच्यासोबत दुसरे मूलद्रव्य नाही, त्यामुळे त्याचा सहगुणक काहीही ठेवला तरी आधी जुळवलेला कार्बन किंवा हायड्रोजन बिघडत नाही. उलट ऑक्सिजनपासून सुरुवात करणारा विद्यार्थी डावीकडचे २ आणि उजवीकडचे ३ पाहून काहीतरी सहगुणक टाकतो, मग कार्बनसाठी ३ लिहिताच उजवीकडचा ऑक्सिजन ७ होतो, हायड्रोजनसाठी ४ लिहिताच १० होतो, आणि प्रत्येक वेळी मागचे काम पुसावे लागते. जे मूलद्रव्य दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात आहे ते आधी, आणि जे मूलद्रव्य स्वतंत्र रूपात आहे ते शेवटी, हे तत्त्व ज्वलनापुरते मर्यादित नाही. पण ज्वलनात ते सर्वांत स्वच्छ दिसते.

ऑक्सिजन विषम आला तर

आता इथेन घ्यावे, कारण बहुतेकांचे घोडे येथेच अडते. सी₂एच₆ मधील कार्बनसाठी २सीओ₂, हायड्रोजनसाठी ३एच₂ओ. उजवीकडे ऑक्सिजन ४ अधिक ३, म्हणजे ७. ऑक्सिजनचे अणू तर जोडीने येतात; ७ अणूंसाठी साडेतीन रेणू लागतील. येथे घाबरून मागचे आकडे खोडू नयेत. साडेतीन हाच सहगुणक निर्धास्तपणे लिहावा आणि मग सगळ्या समीकरणाला २ ने गुणावे:

२सी₂एच₆ + ७ओ₂ → ४सीओ₂ + ६एच₂ओ

गुणताना इंधनाचा सहगुणकही दुप्पट होतो, हे विसरण्याची चूक फार वेळा होते. सुरुवातीला इंधनापुढे काही लिहिलेले नसते, म्हणून तेथे १ आहे याचे भान राहत नाही. सुरुवातीलाच पेन्सिलीने तो १ लिहून ठेवावा, म्हणजे दुप्पट करताना तो नजरेतून सुटत नाही. उष्णतेची गणिते एक मोल इंधनासाठी असतात, त्यामुळे तेथे साडेतीनसारखा अपूर्णांक ठेवणे मान्य आहे. शालेय परीक्षेत मात्र लहानांत लहान पूर्णांक अपेक्षित असतात. सगळे सहगुणक एकाच संख्येने भागले जात असतील, तर भागून टाकावेत.

दुप्पट करावे लागेल की नाही, हे हायड्रोकार्बनच्या बाबतीत आधीच सांगता येते. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन नेहमी सम असतो, कारण प्रत्येक रेणूत २ असतात. विषमपणा येतो तो पाण्यातून, आणि पाण्याचे रेणू हायड्रोजनच्या निम्मे असतात. म्हणून इंधनातील हायड्रोजनच्या संख्येला ४ ने निःशेष भाग जात असेल, तर पाण्याचे रेणू सम येतात आणि समीकरण एका फटक्यात सुटते. भाग जात नसेल तर दुप्पट करावेच लागते. मिथेनचे ४ आणि प्रोपेनचे ८ पहिल्या गटात, इथेनचे ६ आणि ब्युटेनचे १० दुसऱ्या गटात. मिथेन पाठ असणारा विद्यार्थी ब्युटेनला का अडतो, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

घरगुती सिलिंडरमधील गॅस प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. त्यातील ब्युटेनचे समीकरण पूर्ण करू. ४ कार्बन म्हणून ४सीओ₂, १० हायड्रोजन म्हणून ५एच₂ओ, उजवीकडे ऑक्सिजन ८ अधिक ५ म्हणजे १३, म्हणून साडेसहा रेणू, दुप्पट केल्यावर:

२सी₄एच₁₀ + १३ओ₂ → ८सीओ₂ + १०एच₂ओ

ताळा असा: कार्बन दोन्हीकडे ८, हायड्रोजन दोन्हीकडे २०, ऑक्सिजन दोन्हीकडे २६. हा ताळा मनात न करता वहीच्या समासात लिहावा. समीकरण सोडवण्यास दोन मिनिटे लागत असतील तर ताळ्याला दहा सेकंद लागतात, आणि गुण जाण्याची बहुतेक कारणे त्यात पकडली जातात.

बीजगणिताची सवय असलेल्यांसाठी हेच एका ओळीत मांडता येते. इंधनाच्या एका रेणूत कार्बनचे क आणि हायड्रोजनचे ह अणू असतील, तर ऑक्सिजनचे क + ह/४ इतके रेणू लागतात. हे सूत्र पडताळ्यासाठी उत्तम आहे, पण सुरुवातीलाच त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. अणू मोजण्याचा हात बसला नाही तर इंधनात तिसरे मूलद्रव्य येताच गाडी अडते.

इंधनातच ऑक्सिजन असेल तर

इथेनॉलचे सूत्र सी₂एच₅ओएच असे लिहितात, आणि त्यात हायड्रोजन दोन ठिकाणी आहे. ५ मोजून थांबणारे बरेच असतात; प्रत्यक्षात ते ६ आहेत. म्हणून २सीओ₂ आणि ३एच₂ओ. उजवीकडे ऑक्सिजन ४ अधिक ३, एकूण ७. यातील १ अणू इथेनॉलने स्वतःच आणलेला आहे, म्हणून हवेतून ६ च लागतात, म्हणजे ३ रेणू:

सी₂एच₅ओएच + ३ओ₂ → २सीओ₂ + ३एच₂ओ

इथेन आणि इथेनॉल यांत कार्बन आणि हायड्रोजन सारखेच आहेत, तरी एका ठिकाणी दुप्पट करावे लागले आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. फरक त्या एका आतल्या ऑक्सिजनने पडला. क्रम तोच राहतो. फक्त ऑक्सिजन मोजताना इंधनातला वजा करायचा, एवढी एक पायरी वाढते. वर दिलेला ४ च्या भागाकाराचा नियम अशा इंधनांना जसाच्या तसा लावू नये.

आरतीच्या कापराचे सूत्र सी₁₀एच₁₆ओ असे आहे, आणि सरावासाठी ते उत्तम आहे. १०सीओ₂, ८एच₂ओ, उजवीकडे ऑक्सिजन २० अधिक ८ म्हणजे २८. कापरातला १ वजा केल्यावर २७, म्हणजे साडेतेरा रेणू. दुप्पट केल्यावर:

२सी₁₀एच₁₆ओ + २७ओ₂ → २०सीओ₂ + १६एच₂ओ

येथे हायड्रोजन १६ असूनही दुप्पट करावे लागले. मात्र हे समीकरण पूर्ण ज्वलनाचे आहे. प्रत्यक्षात कापराची ज्योत पिवळी असते, तिच्या टोकातून काळा धूर निघतो आणि ज्योतीवर धरलेल्या भांड्याला काजळी लागते. एका रेणूला साडेतेरा रेणू ऑक्सिजन मिळवायचा, आणि तो शांत हवेत ज्योतीच्या आतपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, म्हणून काही कार्बन जळायचा राहतो.

गंधक असलेल्या इंधनात उजवीकडे तिसरे उत्पादित येते. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात मिसळतात. त्याचे रेणुसूत्र सी₂एच₆एस. कार्बन, हायड्रोजन, गंधक आणि मग ऑक्सिजन असा क्रम ठेवावा: २सीओ₂, ३एच₂ओ, १एसओ₂, ऑक्सिजन ४ अधिक ३ अधिक २ म्हणजे ९, दुप्पट केल्यावर:

२सी₂एच₆एस + ९ओ₂ → ४सीओ₂ + ६एच₂ओ + २एसओ₂

अपूर्ण ज्वलन

ऑक्सिजन कमी पडला तर कार्बनचा प्रवास कार्बन डायऑक्साइडपर्यंत पुरा होत नाही. तो कार्बन मोनॉक्साइडवर किंवा काजळीवर थांबतो. हायड्रोजन मात्र बहुतांशी पाणीच होतो. ब्युटेनची तीन समीकरणे शेजारी ठेवली की हे नेमके दिसते:

२सी₄एच₁₀ + १३ओ₂ → ८सीओ₂ + १०एच₂ओ
२सी₄एच₁₀ + ९ओ₂ → ८सीओ + १०एच₂ओ
२सी₄एच₁₀ + ५ओ₂ → ८सी + १०एच₂ओ

इंधन तेच, पाणी तेच. ऑक्सिजन १३ वरून ९ आणि ९ वरून ५ झाला आणि कार्बनचे रूप बदलले. प्रत्यक्ष ज्योतीत ही तिन्ही कमीअधिक प्रमाणात एकाच वेळी चालू असतात, म्हणून "अपूर्ण ज्वलनाचे समीकरण लिहा" एवढ्यावर उत्तर ठरत नाही. कोणते उत्पादित धरायचे ते प्रश्नात सांगितलेले असावे लागते. सांगितले असेल तर संतुलनाचा क्रम तसूभरही बदलत नाही.

शेगडीची ज्योत निळी असेल तर ज्वलन पूर्णत्वाच्या जवळ आहे. ती पिवळी होऊन भांड्यांची बुडे काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रे किंवा हवेची वाट तुंबली आहे असे समजून ती साफ करावी. काजळी निदान दिसते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्टपणे चिकटतो. लहान, बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवला की खोलीतील ऑक्सिजन कमी होत जातो आणि वरील पहिल्या समीकरणाकडून अभिक्रिया दुसऱ्याकडे सरकते. माणसाला धोक्याची काही जाणीव होण्याआधी शुद्ध हरपू शकते. गीझर न्हाणीघराबाहेर बसवणे आणि हवा खेळती ठेवणे यांचा आग्रह धरतात तो यासाठी. विद्यार्थ्यांना हे दुसरे समीकरण शिकवताना एवढे सांगितलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सहगुणक काय सांगतात

संतुलित समीकरणातील आकडे रेणूंचे प्रमाण सांगतात, आणि समान तापमान व दाब असलेल्या वायूंच्या बाबतीत तेच आकारमानाचे प्रमाण असते. मिथेनच्या समीकरणात, म्हणजे सीएच₄ + २ओ₂ → सीओ₂ + २एच₂ओ यात, १ लिटर मिथेनला २ लिटर ऑक्सिजन लागतो, आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के असल्याने साधारण साडेनऊ लिटर हवा. ब्युटेनच्या १ लिटरला साडेसहा लिटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ३१ लिटर हवा लागते. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो, सिलिंडरमधला वायू प्रोपेन-ब्युटेन. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना शेगडीचे जेट, म्हणजे वायू बाहेर सोडणारी बारीक छिद्राची तोंडे, बदलावे लागतात, त्यामागे दाबाबरोबरच हा फरकही आहे.

वस्तुमानाचा हिशेबही करून पाहावा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सोयीसाठी तो सगळा ब्युटेन धरू. ब्युटेनचे रेणुवस्तुमान ५८, म्हणजे त्याचा एक मोल ५८ ग्रॅमचा, म्हणून हे सुमारे २४५ मोल झाले. प्रत्येक मोलमागे साडेसहा मोल ऑक्सिजन, ४ मोल कार्बन डायऑक्साइड आणि ५ मोल पाणी. ऑक्सिजन सुमारे ५१ किलो लागतो. कार्बन डायऑक्साइड सुमारे ४३ किलो आणि पाणी सुमारे २२ किलो तयार होते. १४.२ आणि ५१ यांची बेरीज ६५ च्या आसपास, ४३ आणि २२ यांचीही ६५. सव्वाचौदा किलोहून कमी इंधनापासून त्रेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघतो, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकताना अशक्य वाटतो. उरलेले वजन हवेतून आलेले असते, जसे लाव्हाझिए यांना गंधकाच्या बाबतीत आढळले होते.

सरावासाठी

आता वही घेऊन पुढील इंधने स्वतः सोडवावीत आणि मगच उत्तर पाहावे. वेल्डिंगसाठी वापरतात त्या असेटिलीनचे सूत्र सी₂एच₂. हायड्रोजन २, म्हणून दुप्पट करावे लागणार हे आधीच कळते, आणि उत्तर २सी₂एच₂ + ५ओ₂ → ४सीओ₂ + २एच₂ओ असे येते. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन सी₁₀एच₈. हायड्रोजनला ४ ने भाग जातो, म्हणून सरळ सी₁₀एच₈ + १२ओ₂ → १०सीओ₂ + ४एच₂ओ. पेट्रोलचा प्रतिनिधी म्हणून घेतात तो ऑक्टेन सी₈एच₁₈. उत्तर २सी₈एच₁₈ + २५ओ₂ → १६सीओ₂ + १८एच₂ओ. मेणाचा एक घटक सी₂₅एच₅₂ दिसायला भीतिदायक आहे, पण ५२ ला ४ ने भाग जातो: सी₂₅एच₅₂ + ३८ओ₂ → २५सीओ₂ + २६एच₂ओ. मिथेनॉल, सीएच₃ओएच, हे इथेनॉलचे धाकटे भावंड असले तरी येथे दुप्पट करावे लागते: २सीएच₃ओएच + ३ओ₂ → २सीओ₂ + ४एच₂ओ.

शेवटी साखर, सी₁₂एच₂₂ओ₁₁. कार्बनसाठी १२सीओ₂, हायड्रोजनसाठी ११एच₂ओ, उजवीकडे ऑक्सिजन २४ अधिक ११ म्हणजे ३५. विषम आकडा पाहून लगेच दुप्पट करायला धावू नये. साखरेने स्वतःचे ११ आणलेले आहेत, ते वजा केले की २४ उरतात, म्हणजे नेमके १२ रेणू:

सी₁₂एच₂₂ओ₁₁ + १२ओ₂ → १२सीओ₂ + ११एच₂ओ